जगातला सगळ्यात जोरात गरगरणारा द्रव, आणि तो फिरतोय हे कळलं कसं

खाडीकाठ – जयगड – धागाकर्ता

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज कॉलेजला सुट्टी आणि बाहेर असा पाऊस की छत्री उघडायची सोय नाही, म्हणून बसलोच. विषय कणभौतिकीचा आहे पण घाबरून पळू नका, गणित मी जमेल तेवढं टाळणार आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेव्हन प्रयोगशाळा आहे. तिथे २००० साली रिक नावाचं यंत्र सुरू झालं, ३.८ किलोमीटर घेराचं रिंगण, त्यात सोन्याची अणुकेंद्रकं (७९ प्रोटॉन, न्यूट्रॉन धरून एकूण १९७ कण) जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने उलटसुलट दिशांनी पळवायची आणि समोरासमोर आपटायची. आपटल्यावर क्षणभर प्रोटॉन न्यूट्रॉन विरघळून त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होतात. तापमान ४ लाख कोटी अंश सेल्सिअसच्या घरात, सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पट. सगळ्यांना वाटत होतं याचा वायू होईल, पण २००५ साली तिथल्या लोकांनी जाहीर केलं की हा प्रकार द्रवासारखा वाहतो, आणि तोही जवळजवळ घर्षण नसलेला द्रव.

आता माझा आवडता भाग. दोन केंद्रकं दर वेळी नाकासमोर आपटत नाहीत, बहुतेक वेळा कड कडेला लागते. दोघांच्या मार्गात अंतर असलं की त्या जोडीकडे कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, असतो, आणि तो प्रचंड असतो, पूर्ण ऊर्जेला एकूण हिशोब केला तर ħ च्या (कणांच्या जगात फिरणं मोजायचं मूळ माप) लाखो पटीत जातो. त्यातला बराचसा भाग न धडकलेले तुकडे तसाच पुढे घेऊन जातात, पण मधल्या द्रवाच्या वाट्याला सुद्धा हजाराच्या घरात येतो. मग हा द्रव स्वतःभोवती फिरत असणार. असणार ठीक आहे हो, पण बघणार कसं? द्रवाचा थेंब केंद्रकाएवढा आणि आयुष्य १०^-२३ सेकंदांच्या पटीत. कॅमेरा कुठला लावणार.

२००५ मध्येच लिआंग आणि वांग या दोघांनी सुचवलं की द्रव फिरत असेल तर त्यातून बाहेर पडणाऱ्या कणांचे स्पिन (कणाच्या अंगचं फिरणं) थोडेसे त्याच अक्षाकडे कलतील. कल्पनेचं मूळ जुनं आहे, १९१५ साली बार्नेटने लोखंडाचा साधा दांडा, चुंबक नसलेला, नुसता गरगर फिरवला आणि त्याच्यात चुंबकत्व आलं, कारण फिरण्यामुळे इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका बाजूला वळले. त्याच वर्षी आइनस्टाइन आणि द हास यांनी उलटं करून दाखवलं, चुंबकत्व बदललं की दांडा फिरतो. तेच तत्त्व इथे, दांड्याच्या जागी क्वार्कांचा द्रव.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये रिकवरच्या स्टार नावाच्या डिटेक्टरच्या (कण टिपणारं यंत्र) गटाने नेचर या विज्ञान नियतकालिकात द्रवाच्या फिरण्याचा दर दिला: सेकंदाला ९×१०^२१. माणसाला माहीत असलेल्या कुठल्याही द्रवापेक्षा जास्त. आधीचा विक्रम अतिद्रव हेलियमच्या सूक्ष्म थेंबांचा होता, १०^७. म्हणजे विक्रम मोडला म्हणणं सुद्धा हास्यास्पद आहे.

कसा मोजला ते प्रतिसादांत बोलू, नाहीतर इथेच लोक झोपतील.

चाकरमानी

वाखू साठवली. मेगाब्लॉकच्या दिवशी वाचायला घेतो. पुलेशु.

देवगडी

मस्त धागा सर. दोन शंका. एक, ती कडेला लागलेली धडक आणि नाकासमोरची धडक यांच्यात नेम धरता येतो का? दोन, फिरतोय म्हणजे नक्की कुठला भाग, थेंबाचा गोळा अख्खा फिरतो की आत भोवरे होतात? आमच्याकडे आंब्याचं सगळं आटोपलंय, आता वाचायला वेळच वेळ.

खाडीकाठ

देवगडी, नेम अजिबात धरता येत नाही. केंद्रकाची त्रिज्या ७ फेम्टोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातले सात. अब्जावधी केंद्रकांचे झुपके एकमेकांतून पाठवायचे आणि जे आपटेल ते आपटेल. नंतर प्रत्येक धडकेतून किती कण बाहेर आले ते मोजायचं. नाकासमोर आपटले की हजारो कण निघतात, कड लागली की कमी. त्यावरून धडका वेगळ्या काढायच्या.

दुसऱ्याला उत्तर द्यायला खाडीवरच यावं लागेल. जयगडला ओहोटीच्या वेळी शास्त्री नदीचं पाणी बाहेर पडताना मध्यभागी धार जोरात असते, काठाला पाणी संथ. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात एखादा नारळ पडला तर तो नुसता पुढे जात नाही, स्वतःभोवती फिरत फिरत जातो, कारण त्याच्या एका अंगाला पाणी जास्त ढकलतं आणि दुसऱ्या अंगाला कमी. पाण्यात कुठे गोल भोवरा दिसत नसला तरी नारळ फिरतो. प्रवाहाच्या वेगात आडव्या दिशेने जो फरक पडतो त्यालाच भोवरीयता म्हणायचं, व्हॉर्टिसिटी. केंद्रकांच्या धडकेत तेच होतं, वरचा भाग एका दिशेने निघालेला, खालचा उलट दिशेने, मधे वेगाचा उतार. त्या उतारावर सापडलेला प्रत्येक क्वार्क आपला स्पिन थोडा वळवतो.

खलाशी_आबा – मालवण

ह्या सगळा वाचलंय. अर्धा डोक्यावरसून गेला पण खाडीचा बरोबर लिवलास. सुकतीक मधी धार आसता आणि कडेक पाणी मरान पडलेला आसता, त्या दोगांच्या मधी होडी इली की तिची नाळ, पुढचा टोक, एका बाजूक ओढता, सुकाणू घट धरून ऱ्हवाचा लागता. थय डोळ्याक भोवरो दिसाकच व्हयो असा नाय. पण माझो प्रश्न असो, खाडीत ह्या काठाक नारळ एका बाजून फिरता आणि त्या काठाक उलट्या बाजून. तुमचो ह्यो द्रव सगळो एकाच बाजूक फिरता, की अर्धो हय आणि अर्धो थय?

कणकवलीचा_कण

आबांचा प्रश्न एक नंबर. यावर गेली काही वर्षं लोक पेपरवर पेपर काढतायत. उत्तर देतो, पण आधी सरांनी अर्धवट सोडलेलं मोजमाप पूर्ण करू का? याच क्षेत्रात पीएचडी चालू आहे, त्यामुळे कोणी विचारलं की मी थांबत नाही.

खाडीकाठ

कर बाबा, तुझीच वाट बघत होतो.

कणकवलीचा_कण

तर मंडळी, सगळी गंमत लॅम्डा नावाच्या एका कणात आहे. १९५० मध्ये मेलबर्नच्या होपर आणि बिस्वास यांना तो कॉस्मिक किरणांत सापडला होता. अप, डाउन आणि स्ट्रेंज असे तीन क्वार्क, त्यातल्या अप आणि डाउनचे स्पिन एकमेकांना मारून टाकतात, उरतो स्ट्रेंजचा, म्हणून लॅम्डाचा स्पिन म्हणजे जवळजवळ त्याच्या स्ट्रेंज क्वार्कचा स्पिन. लॅम्डा २.६×१०^-१० सेकंद जगतो. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही, पण द्रवाच्या आयुष्याच्या लाखो कोटी पट आहे, त्यामुळे द्रव संपून गेल्यावर सुद्धा हा निवांत काही सेंटिमीटर चालत जातो आणि मग मोडतो. बहुतेक वेळा, १०० पैकी ६४ वेळा, प्रोटॉन आणि ऋण पायॉन होतात.

स्टारमध्ये हे कसं दिसतं ते सांगतो. ४ मीटर व्यासाचं वायूने भरलेलं पिंप समजा, ०.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेलं. त्यात विद्युतभार असलेले कण जाताना आपली वाट उमटवत जातात. लॅम्डाला भारच नाही त्यामुळे तो स्वतः दिसत नाही. दिसतं काय, तर धडकेच्या जागेपासून थोडं लांब, जिथून काहीच यायला नको अशा ठिकाणाहून दोन रेषा निघालेल्या, एक इकडे वाकलेली एक तिकडे, उघड्या कात्रीच्या पात्यांगत. प्रोटॉन जड म्हणून त्याची रेषा कमी वाकते. दोन्हींचा संवेग घेऊन मूळ कणाचं वस्तुमान काढायचं, ते १.११६ जीईव्हीला (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) जाऊन बसलं की सापडला लॅम्डा. नाहीतर कुठल्या तरी भलत्याच दोन रेषा योगायोगाने जवळून गेलेल्या असतात, अशा हजारो असतात, त्या वजा कराव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. लॅम्डाचं मोडणं कमकुवत बलाने, निसर्गातल्या चार मूळ बलांपैकी एकाने, होतं, आणि कमकुवत बल डावं उजवं मानतं. लॅम्डाचा स्पिन ज्या दिशेला, त्या दिशेला प्रोटॉन जरा जास्त वेळा फेकला जातो. म्हणजे मोडताना तो कण स्वतःच आपला स्पिन कुठे होता ते सांगून जातो. म्हणूनच लॅम्डा, नाहीतर प्रोटॉन वगैरे हजारो निघतात तिथे, पण ते मोडतच नाहीत त्यामुळे त्यांना विचारायची सोय नाही.

उरला अक्ष. कुठल्या अक्षाभोवती फिरला हे प्रत्येक धडकेत वेगळं. पण न धडकलेले तुकडे दोन बाजूंना पुढे जाताना किंचित बाहेरच्या अंगाला वळतात, ते पुढे बसवलेल्या डिटेक्टरमध्ये कुठे पडले बघितलं की अक्ष कळतो. अंदाजेच कळतो, तेवढी दुरुस्ती नंतर आकड्यात करायची.

शंकासुर – गुहागर

नावाला जागून शंका. जरा जास्त वेळा म्हणजे किती? असल्या "जरा जास्त" वर अख्खी नेचरची पानं रंगली असतील तर आमचा नमस्कार.

कणकवलीचा_कण

शंकासुर काका, करून बघू. समजा स्पिनचा कल २ टक्के आहे, म्हणजे १०० पैकी ५१ स्पिन अक्षाकडे आणि ४९ उलट. प्रोटॉन स्पिनकडे जायच्या आवडीचा एक ठरावीक आकडा आहे, ०.७३२. हिशोब केला की १००० लॅम्डांपैकी सुमारे ५०४ प्रोटॉन अक्षाच्या वरच्या अंगाला आणि ४९६ खालच्या. नुसत्या नशिबानेच १००० मध्ये १५-१६ चा फरक पडतो, त्यामुळे हजारात काही दिसणार नाही. १० लाख लॅम्डा घ्या. वर ५ लाख ३६६०, खाली ४ लाख ९६ हजार ३४०. नशिबाचा फरक ५०० चा. आता दिसतं. म्हणून कोट्यवधी धडका साठवतात.

आणि त्या ०.७३२ ची वेगळीच कथा आहे. १९७० च्या दशकापासून सगळे ०.६४२ वापरत होते, पुस्तकात छापलेलं, कोणी विचारायला गेलं नाही. २०१९ मध्ये चीनमधल्या बेस-थ्री प्रयोगाने परत मोजलं तर ०.७५० आलं! नंतर सगळी मापं एकत्र करून ०.७३२ ठरलं. त्यामुळे जुन्या पेपरांतले स्पिनचे सगळे टक्के आठव्या हिश्शाने कमी करून वाचावे लागतात. २०१७ चा पेपर सुद्धा जुन्या आकड्यावर आहे.

शंकासुर

हे आवडलं. चाळीस वर्षं मापट्यातच गडबड आणि कोणाला पत्ता नाही.

पण माझी खरी शंका दुसरीच आहे. पेपरवाल्यांनी छापलं होतं की हा द्रव सेकंदाला इतक्या अब्ज अब्ज फेऱ्या मारतो. अहो, आयुष्य ३×१०^-२३ सेकंद धरा. ९×१०^२१ ने गुणा. ०.२७ रेडियन. म्हणजे १५ अंश. फेऱ्या कसल्या, गडी जेमतेम मान वळवतो आणि संपतो!

खाडीकाठ

शाब्बास. हे गणित मी पोरांना घालणार. फेऱ्या हा शब्दच तिथे लागू नाही, तो वेग आहे, दर सेकंदाचा दर, आणि सेकंद तर सोडाच त्याचा अब्जावा अंश सुद्धा तो द्रव राहत नाही. मला उलट यामुळे ते जास्त भारी वाटतं, १५ अंश वळायच्या अवधीत त्याने स्ट्रेंज क्वार्कांचे स्पिन वळवले.

कणकवलीचा_कण

सर, तिथेच तर सिद्धांतवाल्यांची भांडणं आहेत. इतक्या कमी वेळात स्पिनचा समतोल होतो का? नेहमीचा हिशोब "झाला" असं धरून चालतो: फिरण्याचा वेग म्हणजे तापमान भागिले ħ, गुणिले लॅम्डा आणि प्रति-लॅम्डा (लॅम्डाचा प्रतिकण) दोघांच्या कलाची बेरीज. २ लाख कोटी अंशाच्या आसपास, म्हणजे द्रव गोठून कण बनतात तेव्हा, तो पहिला भाग २.४×१०^२३ येतो. बेरीज तीनेक टक्के धरा, आला ७×१०^२१. पेपरात सगळ्या ऊर्जांची सरासरी ९ दिलीय आणि तापमान नक्की माहीत नसल्यामुळे दुपटीचा फरक पडू शकतो असंही लिहिलंय. पण क्वार्कचा स्पिन वळायला लागणारा वेळ स्वतंत्रपणे काढायला गेलं तर काहींना तो द्रवाच्या आयुष्यापेक्षा जास्त मिळतो. मग कल आला कुठून? वाद चालू आहे.

सुपारीवाली – श्रीवर्धन

मी इतिहासाची, भौतिकी दहावीनंतर सोडलं. पण एक विचारते, निसर्ग वादळाच्या तुलनेत हे किती? आमच्या सगळ्या सुपाऱ्या त्या दिवशी आडव्या झाल्या, त्यामुळे माझं माप तेच आहे.

खाडीकाठ

ताई, ढोबळ सांगतो. ३ जून २०२० ला वारा ताशी ११० किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. केंद्रापासून ३० किलोमीटरवर हा वारा होता असं धरलं तर वेग भागिले अंतर, ०.००१. चक्रीवादळ दिसतं अवाढव्य पण इतक्या मोठ्या गोलात फिरतं की फिरण्याचा दर फार थोडा. टोर्नॅडोच्या गाभ्यात ०.१ जातो. त्या सोन्याच्या थेंबाचा तुमच्या निसर्गच्या जवळपास १०^२५ पट. पण थेंबाने सुपारी पडत नाही, त्याच्याकडे एवढी ऊर्जाच नाही.

सुपारीवाली

मग त्यांनी निसर्गच मोजावं, नुकसानभरपाई अजून अर्धीच मिळालीय.

देवगडी

😀 ताईंना +१

मला एक सांगा, असली यंत्रं म्हणजे जितकी ऊर्जा जास्त तितकं चांगलं असं असतं ना? स्वित्झर्लंडचं एलएचसी तर याहून कितीतरी मोठं, २७ किलोमीटर. तिथे हा द्रव अजून जोरात फिरत असेल.

खाडीकाठ

देवगडी, धागा काढायचं माझं खरं कारण हेच. नाही फिरत!

२००७ साली स्टारने पहिल्यांदा शोधलं होतं, ६२ आणि २०० जीईव्ही या मोठ्या ऊर्जांना, आणि हाती काही लागलं नाही. इतकं लहान की शून्यापासून वेगळं काढता येईना. आपण काय केलं असतं? अजून मोठं यंत्र मागितलं असतं. इथे काय झालं, तर रिकवर वेगळ्याच कारणासाठी, द्रवाची अवस्था नक्की कुठे बदलते ते बघायला, ऊर्जा कमी कमी करत नेण्याचा कार्यक्रम चालू होता, ७.७ जीईव्हीपर्यंत. त्या डेटामध्ये स्पिन बघितला आणि सापडला, जितकी ऊर्जा कमी तितका कल जास्त. नंतर २०० जीईव्हीला कितीतरी जास्त धडका जमवून परत बघितलं तेव्हा २०१८ मध्ये तिथेही दिसला, पण किती, ०.२८ टक्के. एलएचसीवर अॅलिस गटाने बघितलं, तिथे शून्याशी जुळणारं. आणि उलट दिशेला ३ जीईव्हीला, जिथे लॅम्डा निघतात हेच नशीब, तिथे स्टारला ५ टक्क्यांच्या आसपास मिळालं. जर्मनीतल्या हादेस प्रयोगाला त्याहून कमी ऊर्जेला सुद्धा टक्क्यांतच.

कारण असं सांगतात की ऊर्जा फार वाढली की केंद्रकं एकमेकांतून जवळजवळ आरपार निघून जातात, कोनीय संवेग सोबत घेऊन. मधे राहतो तो द्रव सगळीकडे सारखाच पसरणारा, वेगाला आडवा उतार नाही. कमी ऊर्जेला दोघं एकमेकांना अडवतात, संवेग मधेच अडकतो. एकूण कोनीय संवेग मोठ्या यंत्रात जास्तच, पण आपण बघतो त्या मधल्या भागाच्या वाट्याला येत नाही.

आमच्या पोरांना मोठं यंत्र म्हणजे मोठा शोध असं डोक्यात भरवलेलं असतं, पेपरात बातम्याही तशाच येतात. इथे एक्सलरेटरवरचा पाय काढला तेव्हा सापडलं.

खलाशी_आबा

माझ्या प्रश्नाचा काय झाला?

कणकवलीचा_कण

आबा, आलोच.

तुमच्या खाडीत या काठाला एक आणि त्या काठाला उलट, तसं इथे दोन्ही आहे. सर बोलले तो सगळा सरासरीचा कल, अख्ख्या धडकेचा एकच अक्ष. पण द्रव गोल नसतो, कडेच्या धडकेत बदामासारखा लांबट होतो, आणि फुटून पसरताना एका दिशेला जास्त जोरात पसरतो. त्यामुळे केंद्रकं पळतात त्या किरणाच्या दिशेला बघितलं तर चार कोपऱ्यांत चार छोटे भोवरे व्हायला हवेत, शेजारचे दोन एकमेकांच्या उलट. २०१९ मध्ये स्टारने मोजलं, चार कोपऱ्यांचा नमुना अगदी सुरेख दिसला. फक्त भानगड अशी झाली की द्रवाच्या गणिताने जिथे उजवं सांगितलं होतं तिथे डावं आलं आणि जिथे डावं तिथे उजवं!

शंकासुर

कोणीतरी वजाचं चिन्ह खाल्लं असणार.

कणकवलीचा_कण

काका, सगळ्यांना पहिला संशय तोच आला. अनेक गटांनी परत परत तपासलं, मोजमाप तेच. शेवटी २०२१ मध्ये दोन गटांनी वेगवेगळे दाखवलं की गणितात एक पद राहून गेलं होतं. स्पिनला वळवायला नुसतं फिरणं लागत नाही, द्रव ताणला जातो, त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, त्याचाही परिणाम स्पिनवर होतो. ते पद घातलं की चिन्ह योग्य बाजूला येऊ शकतं. येऊ शकतं म्हणतोय, कारण किती येईल ते तुम्ही स्पिन क्वार्क असतानाचा धरता की लॅम्डा झाल्यावरचा, आणि तापमान गोठताना सगळीकडे सारखं धरता की नाही, यावर बदलतं. आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये यावर चहा गार होईपर्यंत भांडणं होतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर हे पद बरोबर आहे, पण कोडं मिटलं म्हणायला मी तयार नाही.

खलाशी_आबा

म्हणजे घसरणाऱ्या थरांचो जोर नाळेर येता तसोच. समाजला. बरा झाला.

बारावी_बॅच – चिपळूण

सर, यात भारतातले लोक आहेत का? आणि हे करायचं असेल तर बारावीनंतर काय घ्यायचं? घरी इंजिनीअरिंगचाच धोशा चालू आहे.

कणकवलीचा_कण

भरपूर आहेत रे. स्टार आणि अॅलिस दोन्हींत भारतीय गट जुने आहेत, कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने फोटॉन मोजणारा डिटेक्टर आपल्याच लोकांनी बांधून दिला. मुंबईत आयआयटी अॅलिसमध्ये आहे. भुवनेश्वरच्या नायझर संस्थेचा गट तर याच विषयात, २०२० मध्ये अॅलिसने केस्टार या मेसॉनच्या स्पिनवर पेपर काढला त्यात त्यांचा मोठा वाटा.

तू बीएस्सी-एमएस्सीचा विचार करत असशील तर नेस्ट ही परीक्षा दे, नायझर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमधलं सीईबीएस दोन्हींना चालते. आयसर पुण्याला आहे, त्याची वेगळी परीक्षा. घरच्यांना सांग इंजिनीअरिंगचा फॉर्म पण भरतो, दोन्ही भरायला कोणी अडवत नाही.

देवगडी

मेसॉनचं काय ते अर्धवट टाकलंत.

कणकवलीचा_कण

हो, ते सगळ्यात डोकेफोड आहे. मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रति-क्वार्क यांची जोडी. केस्टार आणि फाय या मेसॉनांचा स्पिन १ असतो, अक्षावर त्यांच्या तीन अवस्था. काहीच कल नसेल तर तिन्हींना सारखा वाटा, एक तृतीयांश. मधल्या अवस्थेचा वाटा तेवढा आहे का हे बघायचं. अॅलिसला केस्टारमध्ये कमी संवेगाला एक तृतीयांशापेक्षा कमी मिळाला. स्टारने २०२३ च्या जानेवारीत नेचरमध्ये दिलं की फाय मेसॉनमध्ये तो एक तृतीयांशापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे आणि केस्टारमध्ये मात्र त्यांना फरक नाही. आता गंमत बघा, लॅम्डावरून जो फिरण्याचा वेग आला त्याने मेसॉनमध्ये जो फरक पडायला हवा तो इतका किरकोळ आहे की दिसायलाच नको. फायचा दिसलेला फरक त्याच्या कित्येक पट. म्हणजे फायला वळवणारं फिरणं नाही, दुसरंच काहीतरी आहे. एक सूचना अशी की क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाचं क्षेत्र आत जागोजागी वरखाली होत असतं, सरासरी शून्य, म्हणून लॅम्डात दिसत नाही, पण फायमध्ये स्ट्रेंज आणि प्रति-स्ट्रेंज दोघं एकाच जागी असल्यामुळे त्यांच्यावरचा परिणाम पुसला जात नाही. पटण्यासारखं आहे. सिद्ध झालेलं नाही.

शंकासुर

शेवटची शंका, मग जेवायला जातो, आज घरात तिसऱ्या आहेत. दोन भारित केंद्रकं एवढ्या वेगात एकमेकांच्या बाजूने गेली म्हणजे चुंबकीय क्षेत्रही जबरदस्त होणार. मग लॅम्डाचे स्पिन फिरण्याने वळले की चुंबकाने, हे कसं ठरवलं? बार्नेटचा दांडा उलटा लावला असेल तर?

खाडीकाठ

शंकासुर, जेवण थोडं थांबवा. क्षेत्र होतं, पहिल्या क्षणाला १०^१८ गॉसच्या घरात. पण चुंबक लॅम्डाला आणि प्रति-लॅम्डाला विरुद्ध दिशांना वळवतो, कारण त्यांचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट. फिरणं मात्र दोघांना एकाच बाजूला वळवतं. दोघांचा कल एकाच बाजूला आला, म्हणजे मुख्य काम फिरण्याचं. २०१७ मध्ये प्रति-लॅम्डाचा कल थोडा जास्त दिसत होता, लोकांना वाटलं हीच चुंबकाची सही, पण अनिश्चितता मोठी होती. नंतर १९.६ आणि २७ जीईव्हीला खूप जास्त डेटा घेऊन बघितलं, फरक शून्याशी जुळला. म्हणजे लॅम्डा तयार होईपर्यंत चुंबक बहुतेक विरून गेलेला असतो.

शंकासुर

बरं. पटलं. निघतो.

बारावी_बॅच

सर, त्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतभार वेगळे होतात असं काहीतरी यूट्यूबवर ऐकलं होतं, कायरल मॅग्नेटिक इफेक्ट. ते खरं निघालं का?

खाडीकाठ

२०१८ मध्ये रिकवर मुद्दाम रुथेनियम आणि झिर्कोनियम घेऊन धडका केल्या, दोन्हींच्या केंद्रकात ९६ कण, पण रुथेनियममध्ये चार प्रोटॉन जास्त, म्हणून चुंबकीय क्षेत्र जास्त. परिणाम खरा असता तर रुथेनियममध्ये जास्त दिसायला हवा होता. विश्लेषण करणाऱ्यांना कुठला डेटा कुठल्या धातूचा हे सांगितलंच नव्हतं, म्हणजे कोणी मनातलं उत्तर काढू नये. २०२१ मध्ये निकाल आला, आधी ठरवलेल्या कसोट्यांवर काही सापडलं नाही. त्यातही खाचाखोचा आहेत, दोन्ही केंद्रकांचा आकारच सारखा नाही असं निघालं. त्यावर कणकवलीच्या कणाने वेगळा धागा काढावा, मला चाचणीचे पेपर तपासायचेत.

कणकवलीचा_कण

काढतो. गणपतीला घरी आलो की.